फॅन्टसी कादंबरीतला भेदभाव खराच वाटत नाहीये, काय करू?

तापीकाठ:
मी धुळ्याचा, मराठीत फॅन्टसी लिहितोय. मधे मोठी नदी, अलीकडे सपाटीवाले, मंत्र आणि धान्याची कोठारं सगळी त्यांच्याकडे, पलीकडे डोंगरवाले, त्यांना मंत्र शिकायची बंदी. हिरोइन डोंगरातली, १६ वर्षांची, तिचा दोस्त सपाटीवरच्या फौजदाराचा पोरगा, दोघं मिळून बंड करतात. पण लिहिता लिहिता सगळे सपाटीवाले राक्षस झाले आणि डोंगरवाले देवमाणसं. मित्र म्हणे सिरीयल वाटते. काय करू?

केळीबाग:
राक्षस कशाला पाहिजेत भाऊ. धडगावकडच्या आठवडे बाजारात जाऊन उभा राहा. साठीचा माणूस डोंगरातून चारोळी घेऊन येतो आणि दुकानातलं विशीतलं पोरगं त्याला सरळ अरे-तुरे करतं, त्याने काट्याकडे वाकून पाहिलं तर म्हणतं तुला काय समजतं त्यातलं, आणि तेच पोरगं उन्हातून आला म्हणून त्याला पाणीपण देतं, मनापासून देतं. वजनात मारतं ते वेगळंच. असा एक दुकानदार टाक, मंत्रबिंत्र नंतर.

नवापूरची:
बंडवालेपण धुतल्या तांदळाचे नसतात ना. भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक आधी इंग्रजांच्याच चाकरीत होता, सेंधव्याच्या घाटाची राखण करायचा, मग १८५७ ला उठला, ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली. त्याच्याही आधी, १८२५ मधे आउट्राम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, म्हणजे डोंगरातल्याच पोरांना वर्दी द्यायची आणि डोंगरातल्यांवरच सोडायचं. हिरोइनचा सख्खा भाऊ त्या पलटणीत घाल. पहिल्या पगारात आईला लुगडं आणलेलं, आणि समोर बहीण. फौजदाराच्या पोराशी लव्हस्टोरी मात्र नको प्लीज, कंटाळा आला.

हुतात्मा_चौक:
पोरगा ठेव, पण तिच्यासाठी बंड करतो असं नको, त्याचं स्वतःचं काही असू दे. आमच्या नंदुरबारचा शिरीषकुमार व्यापाऱ्याच्या घरचा, घरात गुजराती, ९ सप्टेंबर १९४२ ला 'नहीं नमशे' (झुकणार नाही) म्हणत झेंडा घेऊन निघाला, गोळीबारात गेला तेव्हा १५ वर्षांचा, सोबत अजून चौघं गेले. खाऊनपिऊन सुखी घरातलं पोरगं असं का निघतं, ते लिही की.

तापीकाठ:
भाऊ पलटणीत, हे एकदम बसलं. पण आता बंडाची बातमी वर कोण पोचवतो तेच बदलावं लागेल, सहा चॅप्टर गेले पाण्यात 😭 आणि लुगडं आई नेसते की परत करते?

नवापूरची:
नेसते. थंडी असते ना डोंगरात.