मदत हवी आहे: विरोध समजतो, पण एवढा द्वेष कुठून येतो?

मंडळी, वक्तृत्व स्पर्धेसाठी विषय मिळालाय, देशाच्या नेत्याबद्दल विरोधकांच्या मनात एवढी टोकाची चीड का तयार होते. आत्ताच्या कुणावरच बोलायचं नाहीये, उगाच भांडणं नकोत, म्हणून जुनी उदाहरणं बघतेय.

अमेरिकेत लिंकन १८६० ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि त्याने शपथ घ्यायच्या आधीच दक्षिणेतली ७ राज्यं फुटून बाहेर पडली, म्हणजे गड्याने अजून काही केलंच नव्हतं! पण गुलामगिरीवर उभं असलेलं त्यांचं सगळं अर्थकारण जाणार ही भीती होती, ते पटतं. तिथलाच नंतरचा राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने १९३६ च्या निवडणुकीत ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली तरी श्रीमंतांपैकी बरेच लोक त्याच्यावर खार खाऊन होते, कर वाढवले हे एक आणि तो स्वतः बड्या घरातला, त्यामुळे 'आपलाच माणूस उलटला' हा राग वेगळाच. आणि इंदिरा गांधी तर आहेतच, १९७१ च्या निवडणुकीत विरोधकांचं 'इंदिरा हटाओ' साफ फसलं, मग आणीबाणीत विरोधक तुरुंगात गेले आणि १९७७ ला जनसंघवाले नि समाजवादी चक्क एकाच पक्षात!

आता अडलंय ते असं की यात धोरणाचा राग किती, वारंवार हरण्याची खुन्नस किती आणि नेता स्वतःच सगळं 'मी विरुद्ध ते' करतो त्याचा वाटा किती, हे वेगळं कसं काढायचं? मला तरी तिसरं कारण जास्त वाटतंय. भारत-अमेरिका सोडून एखादं उदाहरण कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, ७ मिनिटंच बोलायचंय.