सल्ला हवा: शाळेच्या व्हॅनआधी होणारा पौष्टिक नाश्ता (बजेट २००० रुपये)

सकाळची_घाई:
नमस्कार मंडळी. आम्ही डोंबिवलीला राहतो, दोघंही लोकलने नोकरीला जातो. लेक चौथीत, मुलगा सीनियर केजीत. व्हॅन पावणेसातला येते. सध्या दूध-बिस्किटं नाहीतर चहा-खारीवर भागतं आणि ते मला अजिबात पटत नाही. दहाच्या सुमारास लेकीचं डोकं दुखतं, शाळेतून फोनही आला होता. डबा वेगळा असतोच, त्यामुळे नाश्त्याला हाताशी १५ मिनिटं. रोज जमेल असं काय करता? एखादं भांडं किंवा उपकरण सुचवणार असाल तर २००० च्या आतलं. ओट्यावर गॅस आणि मिक्सर सोडून जागा नाही. मुलं ओट्स खात नाहीत, आधीच सांगते.

नाशिकचा_दळणवाला:
ताई, आधी घरघंटी घ्या. आम्ही दिवाळीत १ एचपीची घेतली, १८ हजारांना पडली. ज्वारी, नाचणी, बेसन, सगळं घरचं ताजं. गिरणीत आपल्या आधी कोणी काय दळलं ते कळत नाही. पीठ चांगलं असेल तर नाश्ता आपोआप चांगला होतो. डोळे झाकून घ्या.

फिट_आणि_खूश:
ओट्स रात्रभर दह्यात भिजवा, सकाळी वर सफरचंद आणि अक्रोड. गॅस पेटवायची गरजच नाही.

सकाळची_घाई:
धन्यवाद, पण ओट्स नकोत असं वर लिहिलंय. घरघंटी ठेवायला बाल्कनीसुद्धा नाही हो.

माजघर:
थालीपिठाची भाजणी करून ठेव गं. माझं प्रमाण: ज्वारी, बाजरी, तांदूळ २-२ वाट्या, हरभरा डाळ १ वाटी, उडीद अर्धी, धणे अर्धी, जिरे २ चमचे. प्रत्येक धान्य वेगळं भाज, मंद आचेवर. एकत्र टाकलंस तर जिरे करपतात आणि ज्वारी कच्ची राहते. सकाळी थेट तव्यावर थापू नकोस, दर वेळी तवा गार करत बसावं लागतं. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाक, भोकं पाड, तेल सोड, झाकण ठेव. कांदा आदल्या रात्री चिरलास तरी चालेल, पण पिठात सकाळीच घाल, नाहीतर पाणी सुटतं.

एडिसनकर:
आम्ही न्यू जर्सीत इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरचा प्रेशर कुकर) इडल्या वाफवतो, साधारण ९० डॉलरला मिळतो. थंडीत पीठ फुगत नाही म्हणून ओव्हनचा फक्त दिवा लावून पातेलं रात्रभर आत ठेवते, मस्त वर येतं. तुमच्याकडे हवेची अडचण नाही, दर रविवारी पीठ करून ठेवा.

बोरिवली_फास्ट:
ज्यूसरच्या नादी लागू नका एवढंच सांगतो. एका कंपनीचा महागडा घेतला. गाजराचा चोथा जाळीत अडकतो, धुवायला पिण्यापेक्षा जास्त वेळ. वॉरंटीत दिला तर महिनाभर फोन उचलत नव्हते. सध्या माळ्यावर आहे. फळ चावून खा, चोथाच तर हवा असतो पोटाला.

मोहरी_तडतडली:
उपम्याचा रवा तयार ठेवा. २ चमचे तेलात मोहरी, उडीद डाळ, सुकी मिरची, कढीपत्ता. कढीपत्ता बोटाने चुरला जाईल इतका कुरकुरीत व्हायला हवा, ओल राहिली तर रवा खराब होतो. मग त्यातच अर्धा किलो रवा मंद आचेवर भाजा, मीठ घाला, पूर्ण गार झाल्यावर बरणीत. सकाळी १ वाटी रव्याला अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकून ५ मिनिटं. मटार, गाजर रात्रीच वाफवून ठेवले की भाजीही पोटात जाते.

शुगर_सांभाळा:
उपमा, पोहे, इडली हे सगळं पिष्टच. पोह्यांनी माझी साखर वाढते, मीटरवर बघितलंय. लहानपणापासून सवय लावू नका.

कांदेपोहे_कट्टर:
तुमची साखर आणि चौथीतली मुलगी यांचा काय संबंध? जाड पोह्यांत मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी घाला, वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह अंगी लागायला मदत होते. फक्त वर लगेच चहा नको. आणि वेळच नसेल तर दडपे पोहे, पातळ पोह्यांना नारळाचं पाणी, ओलं खोबरं, कांदा, वरून फोडणी.

सोलापुरी_शेंगाचटणी:
आमच्याकडं रात्रीची ज्वारीची भाकरी, दही, शेंगाचटणी. गॅस नाही, भांडं नाही. शेतात जाणारी माणसं यावर दुपारपर्यंत काम करतात.

नाचणीची_पेज:
नाचणी कोणीच नीट सांगितली नाही. १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, दुधाच्या दुपटीपेक्षा जास्त. मोड आणून वाळवून दळली तर पचायलाही हलकी. रात्री पीठ ताकात कालवून ठेवा, सकाळी आंबील १० मिनिटांत.

नाशिकचा_दळणवाला:
तेच म्हणतोय, दळायला घरघंटी हवी.

स्पष्टच_बोलते:
सगळे ताईंनाच कामाला लावताय. घरातले दुसरे गृहस्थ सकाळी काय करतात?

सकाळची_घाई:
डबे तेच भरतात, मुलांच्या आंघोळी पण त्यांच्याकडे. तो प्रश्न नाही.

दोन_मुलांचा_बाबा:
नाश्ता बदलाच, पण डोकेदुखी फक्त त्यावर ढकलू नका. आमच्या मुलाला चष्मा लागला होता. डोळे तपासून घ्या, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. झोप आणि पाणी पुरेसं होतंय का तेही बघा.

सकाळची_घाई:
हे फार बरं केलंत सांगितलंत. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.
नाश्त्याचं ठरलं. रात्री चार पोळ्या जास्त करायच्या. सकाळी तव्यावर अंडं पसरायचं, ओलं असतानाच त्यावर पोळी दाबायची, उलटून गुंडाळी. सोबत केळं. रोज हेच. लेकीला विचारलं, ती म्हणाली रोज तेच चालेल पण रोज काय हवं ते विचारू नकोस. मलाही तेच सोपं वाटतं, अर्धा वेळ ठरवण्यातच जातो. उपकरण काही घेत नाही, त्या पैशांची अंडी येतील.

फिट_आणि_खूश:
रोज एकच पदार्थ? आठवड्यात कंटाळतील. विविधता हवी.

माजघर:
खाऊ दे गं मुलांना. पोळ्या गरम असताना डबा बंद करू नकोस, पाणी सुटून बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळ, गार झाल्या की फ्रीजमध्ये. आणि रविवारी तरी थालीपीठ कर.

मोहरी_तडतडली:
दळणवाले दादा, घरघंटीत धुतलेली डाळ चालते का? मला खरंच घ्यायची आहे.

नाशिकचा_दळणवाला:
ओलं अजिबात नाही, जाळी चोंदते. धुतलं तर कडक उन्हात पूर्ण वाळवूनच घाला. जाळ्यांचे नंबर लिहून पाठवतो.