मदत हवी आहे: मॅचमध्ये पहिल्या शॉटपासून लय कशी पकडायची?

नमस्कार मंडळी. सोलापुरात १० मीटर एअर रायफलचा सराव करतो, तीन वर्षं झाली. सरावात तंद्री लागली की हात, श्वास, ट्रिगर सगळं आपोआप होतं, १० शॉटची सिरीज १०३ गुणांच्या पुढे जाते (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९). मॅचमध्ये मात्र पहिली सिरीज ९८. तिसऱ्या-चौथ्या सिरीजपासून लय सापडते, पण तोवर गाडी सुटलेली असते. ६० शॉट, ७५ मिनिटं. मधला दहाचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, तिथे उशिरा जाग येऊन चालत नाही.

काय केलं: सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी दीर्घ श्वसन, रात्री डोळे मिटून अख्खी मॅच मनात खेळणं, गड्ड्याच्या यात्रेतला गोंगाट मोबाइलवर लावून सराव. प्रत्येक शॉटआधीचा क्रमही ठरलेला आहे. मॅचमध्ये तो पाळतो, पण पाळताना मोजतोय हे जाणवतं, तिथेच घोळ होतो. "काही विचार करू नकोस" हा सल्ला तर मला अजून कळलेलाच नाही.

उपकरणं, पोझिशन, झोप ठीक आहे. चहा मॅचच्या दिवशी बंद. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) सुचवू नका, नेमबाजीत त्यावर बंदी आहे. नोकरीमुळे पुण्याला समुपदेशनासाठी दर आठवड्याला जाणं जमणार नाही.

नेमका प्रश्न: मॅच सुरू होण्याआधीच्या १५ मिनिटांच्या तयारीच्या वेळेत, सराव शॉट मारताना, तुम्ही लक्ष नक्की कशावर ठेवता? आणि पहिला शॉट ९.४ गेला, तर दुसऱ्याआधी काय करता?