दुर्बीण आकाशापेक्षाही थंड कशाला ठेवायची?

प्रश्न – विज्ञानमंडळ

नमस्कार. आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळात पुढच्या महिन्यात मला वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणावर, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या आणि सगळ्या आकाशातून येणाऱ्या मंद प्रारणावर, बोलायचे आहे. इतिहासाचा भाग सोपा आहे. पेन्झियास आणि विल्सन यांना 1964 मध्ये न्यू जर्सीतील शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सर्व दिशांनी सारखीच येणारी खरखर मिळाली, त्यांनी आतली कबुतरांची घाणसुद्धा काढून पाहिली आणि तरीही ती खरखर गेली नाही, हे मुलांना आवडतेच. अडचण आजच्या दुर्बिणींपाशी येते.

पहिली शंका अशी की या प्रारणाचे तापमान 2.725 केल्विन आहे, पण दुर्बिणीचे संवेदक 0.1 केल्विनपर्यंत थंड करतात असे मी वाचले. दुर्बीण जमिनीवर असेल, तर तिच्या डोक्यावर दोनशेहून अधिक केल्विनची हवा आहेच. मग आतला संवेदक एवढा गोठवून उपयोग काय? दुसरी शंका 2014 च्या घोषणेबद्दल आहे. दक्षिण ध्रुवावरच्या उपकरणाला आदिम गुरुत्वलहरींचा, म्हणजे विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या अवकाश-तरंगांचा, ठसा मिळाला असे जाहीर झाले आणि पुढे ते मागे पडले. उपकरणात दोष होता का? मुले हे विचारणारच.

उत्तर – शीतकपाट

पहिल्या शंकेत एक छोटी गफलत आहे आणि ती बहुतेक सर्वांची होते. हवेचे तापमान दोनशेहून अधिक केल्विन असले, तरी योग्य लहरलांबीला कोरडी हवा जवळजवळ पारदर्शक असते आणि जो पदार्थ फारसे शोषत नाही तो फारसे उत्सर्जितही करत नाही. म्हणून दक्षिण ध्रुवावर 150 गिगाहर्ट्झला सरळ वर पाहिले तर हवेची चमक दहा केल्विनच्या घरात भरते, दोनशेच्या नव्हे. ‘योग्य लहरलांबी’ हेही महत्त्वाचे आहे. पाण्याची वाफ 22 आणि 183 गिगाहर्ट्झला, तर ऑक्सिजन 60 आणि 119 च्या आसपास वाट अडवतो. म्हणून या दुर्बिणी साधारण 95, 150 आणि 220 गिगाहर्ट्झच्या खिडक्यांतून पाहतात. वाफ टाळण्यासाठीच तर 2,800 मीटर उंचीचे ध्रुवीय पठार किंवा चिलीतील अटाकामा वाळवंटात 5,190 मीटरवरचे सेरो टोको निवडले गेले.

आता थंडीचे कारण. बोलोमीटर हा मुळात अतिशय नाजूक तापमापक आहे. फोटॉन शोषले की एक इवलासा पापुद्रा किंचित तापतो आणि ती उष्णता बारीक पायांवाटे थंड पायथ्याकडे वाहून जाते. पण कोणत्याही तापमानाला हे पाय स्वतःच थरथरत असतात, म्हणजे त्यांच्यातून जाणारी उष्णता सतत कमी-जास्त होते, आणि ही थरथर पायथा जितका थंड तितकी कमी. आपल्याला पायथा आकाशापेक्षा थंड हवा तो आकाशाशी स्पर्धा करण्यासाठी नव्हे. संवेदकाची स्वतःची थरथर, येणाऱ्या फोटॉनांच्या अटळ चढउताराच्या खाली बसावी एवढ्यासाठी. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे सुटे सुटे पडतात, त्यामुळे त्यांच्यात चढउतार राहणारच.

ही पातळी एकदा गाठली की संवेदक आणखी सुधारून फारसा फायदा होत नाही, आणि माझ्या मते या तंत्रज्ञानाची सगळी दिशा इथेच ठरली. जमिनीवरचे चांगले संवेदक या मर्यादेपर्यंत केव्हाच पोहोचले आहेत. पुढे जायचे तर संवेदकांची संख्या वाढवणे हाच मार्ग उरतो, आणि चूक निम्मी करायला चौपट संवेदक लागतात. तुम्ही म्हणता त्या 2014 च्या बायसेप-2 मध्ये 512 संवेदक होते, दक्षिण ध्रुव दुर्बिणीच्या सध्याच्या कॅमेऱ्यात सुमारे 16,000 आहेत आणि अटाकामातील सायमन्स वेधशाळेचा आराखडा 60,000 च्या पुढचा आहे.

एवढ्या संवेदकांना स्वतंत्र तारा जोडल्या तर त्या तारांवाटेच बाहेरची उष्णता आत येईल आणि शीतयंत्र हात टेकेल. म्हणून अतिवाहक संवेदक वापरतात. धातूचा थर सामान्य आणि अतिवाहक अवस्थेच्या बरोबर उंबरठ्यावर धरून ठेवलेला असतो. तापमान अणुमात्र वाढले की रोध झपाट्याने वाढतो, रोध वाढला की स्थिर व्होल्टतेवर मिळणारी विद्युत उष्णता कमी होते आणि थर पुन्हा जागेवर येतो. बदललेला प्रवाह स्क्विड नावाचे अतिवाहक चुंबकमापक वाचतात आणि शेकडो संवेदकांचे संदेश मोजक्याच तारांवरून बाहेर आणले जातात. बाकी थंड करण्याची साखळी सरळ आहे: स्पंदनलिका शीतक चार केल्विनपर्यंत नेतो, आणि पुढे हेलियम-3 व हेलियम-4 यांच्या मिश्रणावर चालणारे यंत्र 0.1 केल्विनपर्यंत.

उत्तर – धूळपाटी

दुसऱ्या शंकेवर लिहितो. उपकरणात दोष नव्हता, असे मी ठामपणे म्हणेन.

बायसेप-2 चे भिंग अवघे 26 सेंटिमीटरचे होते आणि 2010 ते 2012 या काळात त्याने आकाशाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. त्या गटाने विदेचे अनेक प्रकारे दोन भाग करून एकातून दुसरा वजा केला होता. उदाहरणार्थ, डावीकडे सरकताना घेतलेली नोंद वजा उजवीकडे सरकताना घेतलेली. खरे आकाश दोन्हींत सारखेच असल्यामुळे ते नाहीसे व्हायला हवे आणि काही उरलेच तर ते उपकरणाचे. या कसोट्या ते उत्तीर्ण झाले. पण धूळ या सगळ्यांतून निसटते, कारण धूळ आकाशातच आहे. आपल्या आकाशगंगेतील लांबट धूलिकण चुंबकीय क्षेत्राला अनुसरून ओळीने लागतात आणि त्यांचे उत्सर्जन ध्रुवीकृत होते, म्हणजे त्याची लहर एका ठरावीक दिशेतच जास्त कंप पावते; गुरुत्वलहरींचा ठसाही पार्श्वप्रारणाच्या अशाच ध्रुवीकरणात शोधतात. बायसेप-2 एकाच कंप्रतेला, 150 गिगाहर्ट्झला, पाहत होते. एका समीकरणातून दोन अज्ञाते सुटत नाहीत. 17 मार्च 2014 रोजी त्यांनी गुरुत्वलहरींचे प्रमाण दर्शवणारा आकडा 0.2 जाहीर केला. प्लँक उपग्रहाने 353 गिगाहर्ट्झला, जिथे धूळच उठून दिसते, तोच तुकडा मोजलेला होता. 2015 च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी विदा एकत्र केली तेव्हा हाती फक्त 0.12 ही कमाल मर्यादा उरली. याच मालिकेतील पुढच्या उपकरणांनी 2021 मध्ये ती 0.036 वर आणली.

धुळीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर. जयंत नारळीकर, हॉइल आणि बर्बिज यांनी 1993 मध्ये मांडलेल्या प्रतिमानात हे सगळे पार्श्वप्रारणच तारकाप्रकाशातून, लोखंडाच्या सूक्ष्म तंतूंच्या मदतीने तयार झाले असे म्हटले होते. बहुतेकांनी ते स्वीकारले नाही, मीही नाही. पण ‘मधे काय आहे ते आधी सांगा’ हा त्यामागचा आग्रह 2014 मध्ये उपयोगी पडला असता.

उत्तर – अस्थिमापन

मी खगोलाचा नाही. फुप्फुसांच्या दीर्घ आजारासाठी वर्षानुवर्षे स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांच्या हाडांची घनता मोजण्याच्या अभ्यासांत काम करतो. धूळपाटी यांचे ‘एका समीकरणातून दोन अज्ञाते’ हे वाक्य वाचून राहवले नाही, कारण आमचे डेक्सा यंत्र याच तत्त्वावर चालते. क्ष-किरण दोन ऊर्जांचे सोडतात. हाड आणि मऊ ऊती त्यांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, म्हणून दोघांचा वाटा वेगळा काढता येतो. मात्र मऊ ऊतींतही चरबी आणि स्नायू असे दोन घटक असतात, म्हणजे अज्ञाते तीन आणि ऊर्जा दोन. त्यावर तोडगा म्हणून हाडाशेजारच्या भागातले चरबीचे प्रमाण हाडाच्या जागीही तेवढेच आहे असे गृहीत धरतात. महाधमनीत कॅल्शियम साचले असेल किंवा मणक्याला हाडाची वाढ आली असेल, तर आकडा फसवा चांगला येतो. तुमची धूळ म्हणजे आमची ही महाधमनी.

दुसरे साम्य अचूकतेचे. त्याच रुग्णाला पुन्हा मोजले तर आकडा थोडा हलतोच. कंबरेच्या मणक्यासाठी ही चूक 1.9 टक्क्यांच्या आत असावी असा आंतरराष्ट्रीय निकष आहे आणि तिच्या 2.77 पट, म्हणजे सुमारे 5.3 टक्के, बदल झाल्याशिवाय हाड खरोखर घटले असे आम्ही म्हणत नाही. यंत्र ढळले नाही ना, हे पाहायला ज्ञात घनतेचा कृत्रिम मणका नियमित मोजतो. तुमच्याकडे आकाशाचा असा नमुना कोणता?

उत्तर – शीतकपाट

डॉक्टर, साम्य फार नेमके पकडलेत. एका ठिकाणी ते तुटते: हाड अडवते कसे हे तुम्हाला प्रयोगशाळेत मोजता येते, धुळीचा वर्णपट मात्र आकाशात जागोजागी थोडा बदलतो. म्हणून दोनच कंप्रता पुरत नाहीत आणि नव्या दुर्बिणी सहा-सहा पट्ट्यांत पाहतात.

नमुन्याचे म्हणाल तर एक सुंदर उत्तर आहे. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने फिरते, त्यामुळे पार्श्वप्रारण पुढच्या दिशेला सुमारे 0.3 मिलिकेल्विनने उष्ण आणि मागे तेवढेच थंड दिसते; वर्षभरात ही दिशा पूर्ण फिरते. वेग अचूक माहीत असल्यामुळे प्लँकने हाच आपला कृत्रिम मणका मानला. जमिनीवरून ग्रह पाहतात आणि ध्रुवीकरणाची दिशा ठरवायला दुर्बिणीसमोर बारीक तारांची जाळी धरतात.

प्रतिसाद – विज्ञानमंडळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आता शेवटचे: हवेच्या चमकेतून ध्रुवीकरण बाजूला कसे काढतात, हे वर्गात दाखवता येईल असे काही आहे का?

उत्तर – शीतकपाट

आहे. पोलरॉइड गॉगलची एक काच आणि साधा कॅल्क्युलेटर घ्या. कॅल्क्युलेटरच्या पडद्याकडे काचेतून पाहत ती सावकाश फिरवा. एका फेरीत पडदा दोनदा काळा होईल. मग मागे पांढरा कागद ठेवून त्यावर विजेरीचा उजेड पाडा आणि तो हाताने कमी-जास्त करा. कागदाची चमक काचेच्या फिरण्याबरोबर बदलत नाही, पडद्याची बदलते. हवेचे उत्सर्जन जवळजवळ अध्रुवीकृत असते, म्हणजे कागदासारखे. सायमन्स वेधशाळेच्या लहान दुर्बिणींत काचेऐवजी नीलमण्याची अर्धतरंग चकती सेकंदाला दोन फेऱ्या घेते आणि तीही अतिवाहक बेअरिंगवर तरंगत. तिच्यामुळे ध्रुवीकृत भाग एका फेरीत चार वेळा वरखाली होतो, म्हणजे सेकंदाला आठ वेळा. हवा मात्र याहून सावकाश बदलते. मुलांना दोन आणि चार यांतला फरक नक्की विचारा: काच प्रकाश गाळते, चकती फक्त त्याची दिशा वळवते, आणि वळवते तीही स्वतःच्या कोनाच्या दुप्पट.