काम अंगावर येतं, ते नियोजन जमत नाही म्हणून?

तळटीप (धागाकर्ती)
काल इथे एका प्रतिसादात वाचलं : 'कामाचा ताण वगैरे सगळं मानण्यावर आहे. पहाटे उठा, यादी करा, अवघड काम आधी उरका. ज्यांना नियोजन जमत नाही ते रडतात.' त्याखाली 'अगदी बरोबर'ची रीघ. दोन ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून वेगळा धागा.

यादी मीही करते. पण तिच्यातली पाच कामं उरकेपर्यंत आठ नवी येतात, तिथे यादी काय करणार? रांगेचं गणित शिकलेल्यांना विचारा. अगदी साधा नमुना घेतला, तरी माणूस ८० टक्के वेळ गुंतलेला असताना नव्या कामाला जेवढं ताटकळावं लागतं, त्याच्या दुपटीहून जास्त ९० टक्क्यांवर आणि जवळपास पाचपट ९५ टक्क्यांवर. १०० टक्के भरलेल्या माणसापुढची रांग वाढतच जाते, मग तो पहाटे उठो नाहीतर मध्यरात्री.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की कामाचा रेटा जास्त आणि निर्णयाची मोकळीक कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पिळते. 'अवघड काम आधी' हा सल्ला देणाऱ्याला कुठलं काम आधी करायचं ते ठरवायची मुभा असते. बहुतेकांना ती नसते.

शिस्तप्रिय
तो प्रतिसाद माझा. एकही शब्द मागे घेत नाही.

व्यवस्था बदलायला हवी, कबूल. पण आज संध्याकाळी छातीवर दडपण घेऊन बसलेल्या माणसाने काय करायचं? कारासेक वाचायचे? घरात आजारपण आणि ऑफिसात वर्षअखेर एकदम आली, तेव्हा मला एका वहीने तारलं. डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं आणि पुढे 'कधी, कुठे, पहिली पायरी काय' एवढंच लिहायचं. याला आधारही आहे. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात हे मानसशास्त्रज्ञ झायगार्निक यांनी १९२७ मध्ये लिहिलं. आणि २०११ मधल्या मासिकाम्पो-बॉमाइस्टर यांच्या प्रयोगांत दिसलं की काम पूर्ण न करता नुसता नेमका बेत आखला, तरी ते घोळणं कमी होतं.

रात्रपाळी
मी नर्स आहे. दोघींचे पेशंट एकीवर येतात तेव्हा सर्वांत अत्यवस्थ कोण हे बघायला वही लागत नाही. त्याच्याकडे धावते. पण तेवढ्यात बाकीच्यांची औषधं लांबतात, नातेवाईक ओरडतात, आणि नोंदी अपुऱ्या राहिल्या म्हणून सकाळी बोलणी मला बसतात. यातलं काय नियोजनाने सुटेल?

आणखी एक. छातीवर दडपण आलं की 'टेन्शनच असेल' असं आपलं आपण ठरवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

मुकादम
टेबलाच्या पलीकडून बोलतो. माझ्या टीममधलं कुणी 'झेपत नाही' म्हणून वेळेत सांगत नाही. काम पूर्ण करून द्यायच्या आदल्या दिवशी कळतं. तेव्हा मी माणूस कुठून आणू? हातातली कामं घेऊन या आणि विचारा, 'हे नवीन घेतलं तर यातलं कुठलं मागे टाकू?' या प्रश्नावर चांगला वरिष्ठ चिडत नाही. मी स्वतः रात्री सुचलं की मेसेज टाकून ठेवतो, पण 'सकाळी बघा' असं स्पष्ट लिहितो.

चौथा_मजला
थांबा. रात्री मेसेज?

'सकाळी बघा' वाचायला मेसेज उघडावा लागतो! उघडला की काम डोक्यात शिरलं, झोप गेली. माझ्या आधीच्या ठिकाणी साहेबांचा मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर 'काल वाचलंत ना?' फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतरच्या फोन-मेसेजवर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करायला लावल्या. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये यासाठी कायदा लागू केला. उगाच केला का?

मुकादम
त्या ऑस्ट्रेलियन कायद्यात मेसेज पाठवायला बंदी नाही. उत्तर न देण्याचा हक्क आहे, तोही नकार अवाजवी नसेल तर. नीट वाचा. आणि मुलं झोपल्यावरच मला शांतपणे काम करता येतं. माझ्या वेळेचं काय?

चौथा_मजला
तुमच्या वेळेत तुम्ही काम करा, माझ्या फोनवर का? मेसेज सकाळी नऊची वेळ लावून ठेवता येतो. तुमची आठवण तुम्ही सांभाळायची. ती रात्रीतून आमच्याकडे सोपवली की वर 'लोक वेळेत सांगत नाहीत' म्हणायला मोकळे! ज्या माणसाचा फोन वाजला की धस्स होतं, त्याच्याकडे जाऊन 'झेपत नाही' कोण सांगेल?

मुकादम
वेळ लावून पाठवत जाईन. हे तुमच्या आवाजामुळे नाही, शेवटच्या वाक्यामुळे. पण लोक सांगत नाहीत ही माझी तक्रार कायम आहे.

शिस्तप्रिय
मेसेजवर एवढं रणकंदन आणि मूळ प्रश्न बाजूला. फोन बंद ठेवणं हेसुद्धा नियोजनच.

तळटीप
मूळ प्रश्न हाच आहे. फोन बंद ठेवल्याची शिक्षा होत असेल तर ते नियोजन कसं?

२०११ च्या प्रयोगांबद्दल शिस्तप्रिय यांचं मान्य. वहीने झोप येत असेल तर जरूर लिहा. पण वहीने काम कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा तो आजार म्हटला नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटली : थकवा, कामाबद्दल तुटलेपण आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेबरोबर (आयएलओ) २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त. म्हणून 'मानण्यावर आहे' हे मला सहन होत नाही.

शिस्तप्रिय
ठीक. रात्रपाळी यांच्या वॉर्डला माझा सल्ला लागू नाही, तिथे माणसं कमी आहेत. टेबलावर बसणाऱ्यांना लागू आहे, यावर ठाम.

रात्रपाळी
टेबलावरही दोघांचं काम एकाकडे असेल तर? तिथे कोणी मोजतं का?

मुकादम
आमच्याकडे कोणी मोजत नाही. या सोमवारी मी मोजायला घेतो.