लिफ्ट पण की लिफ्टही?

घाटकोपरकरीण: आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुजराती, ते तोंडी सांगतात आणि मराठी नोटीस मी लिहिते. परवा म्हणाले, 'सोमवारे पाणी नहीं आवे, लिफ्ट पण बंध रहेशे'. मी लिहिलं 'लिफ्ट पण बंद राहील'. संध्याकाळी बघते तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लाल पेनने खोडून 'लिफ्टही' केलंय, वर जिन्यात गाठून सांगतात की पण म्हणजे परंतु, 'सुद्धा' हा अर्थ गुजरातीतनं घुसलाय. खरंच? मी जन्मभर 'मी पण' म्हणत आलेय. नोटीस बदलू का?

जुनं खोड: काका बरोबर आहेत. बोलताना काय वाट्टेल ते बोला, लिहिताना ही नाहीतर सुद्धा.

मधली आळी: का पण? दोन्ही भाषांतला पण संस्कृत 'पुनर्'वरून आलाय, पुन्हा म्हणजे आणखी, आणखीत 'सुद्धा' आलंच, उसनं कशाला घ्यावं लागतंय? आमची साताऱ्याची आजी, जिने गुजराती कधी ऐकलं नाही ती... 'मी बी' म्हणायची. बरं, हे तुमच्या बाजूने धरा.

जुनं खोड: ज्ञानेश्वरी काढा. 'परि अमृतातेंही पैजां जिंके'. परंतुला परि, सुद्धाला ही, आणि डावाला पैज. तुमच्या पणचे तिन्ही अर्थ एका ओळीत, आणि पण कुठेच नाही.

मधली आळी: मानलं. आता लिफ्टची नोटीस ओवीत लिहायला सांगा त्यांना.

माटुंगा: पैजेवरून आठवलं, पणाला लावतो तो पण म्हणजे जुनं नाणंसुद्धा, कौटिल्याचे दंड पणांतच आहेत. तमिळमध्ये पणम् म्हणजे चक्क पैसे, कन्नडात हण. लहानपणी शेजारच्या मामी फुलवाल्याला 'पणम् इल्ले' म्हणायच्या, मला वाटायचं 'पण...' म्हणून काहीतरी कारण सांगतायत.

शंकासुर: मग लहानपणातला पण पण पैसाच का?

मधली आळी: नाही हो, तो वेगळा, वैदिक 'त्वन' प्रत्ययाचा प्राकृतात 'प्पण' झाला. म्हणून जोडून लिहायचा. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सगळे 'मीपण येतो' टाइप करतात, म्हणजे अहंकार येतो.

जुनं खोड: येतं. मीपण नपुंसकलिंगी आहे.

घाटकोपरकरीण: सोमवार होऊन गेला. पाणी नव्हतं, लिफ्ट पण. नोटीस लाल पेनासकट तशीच आहे, खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय, 'अने पंप?'