कोंबड्याच्या वीर्यातील पाणचट द्रव कुठून येतो?

प्रश्न (कुक्कुटपालक, हिंगणा परिसर, नागपूर)
नमस्कार. कृत्रिम रेतनासाठी आम्ही गावरान कोंबड्याच्या पाठीची व पोटाची मालिश करून वीर्य काढतो. त्याच कोंबड्याचे वीर्य कधी दाट व दुधाळ मिळते, तर कधी अगदी पाणचट. कोंबड्याला प्रोस्टेट (वीर्यातील द्रव तयार करणारी) ग्रंथी नसते, असे वाचले आहे; मग हा द्रव येतो कुठून? शिवाय वृषणे पोटातच असल्याने आपल्याकडच्या मे महिन्यात शुक्राणूंवर परिणाम होतो का?

उत्तर (पशुवैद्यक, नागपूर)
आपण वाचलेले बरोबर आहे. कोंबड्याला प्रोस्टेटच काय, तसाच द्रव पुरवणारे शुक्राशयही नसते. घेवड्याच्या दाण्यासारख्या घाटाची दोन्ही वृषणे कण्याखाली, मूत्रपिंडांच्या पुढच्या टोकाशी असतात. त्यांना चिकटलेल्या लहानशा अधिवृषणातून (वृषणातील शुक्राणू पुढे नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यातून) निघालेली नागमोडी शुक्रवाहिनी मूत्रवाहिनीच्या सोबतीने मागे जाते आणि अवस्कराच्या (विष्ठा, मूत्र व वीर्य यांच्या सामाईक पोकळीच्या) मधल्या कप्प्यात एका बारीक उंचवट्यावर उघडते. दाट वीर्य या वाहिनीच्या शेवटच्या भागात साठलेले असते. पाणचट द्रव मात्र तेथला नव्हे: उत्तेजनाच्या वेळी अवस्कराच्या भिंतीतील घड्या लसिकेने (रक्तातून पाझरणाऱ्या पातळ द्रवाने) फुगतात आणि त्यांतून तो झिरपतो. त्यामुळे जितका वेळ दाबत राहाल तितके वीर्य पातळ होणार. पहिला दाट भाग मिळाला की हात थांबवावा, हे माझे स्पष्ट मत आहे. मूत्रवाहिन्याही त्याच कप्प्यात उघडत असल्याने जोर लावल्यास युरेटचे (मूत्रातील क्षाराचे) खडूसारखे पांढरे कण मिसळतात, आणि नवखी माणसे त्यालाच दाट वीर्य समजतात.

उत्तर (कुक्कुटशास्त्राचे अध्यापक)
उष्णतेविषयी थोडे. कोंबड्याच्या शरीराचे तापमान सुमारे 41 अंश सेल्सिअस असते आणि शुक्राणू त्याच तापमानात तयार होतात. शेजारच्या वायुकोशांमुळे (फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे) वृषणे थंड राहतात, अशी जुनी समजूत होती; प्रत्यक्ष मोजणीत तसे आढळले नाही. तरीही पक्षी धापा टाकू लागला, म्हणजे मूळ तापमानच वाढू लागले, की शुक्राणूंची हालचाल व फलनक्षमता घटते. उन्हाळ्यात सावली, वारा आणि थंड पाणी यांची सोय करून वीर्य पहाटेच काढावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बदकांसाठी हीच पद्धत चालेल का?

उत्तर (पशुवैद्यक, नागपूर)
जशीच्या तशी नाही. कोंबड्याला आत शिरणारे शिश्न नसते, तर नर बदकाला लसिकेने ताठरणारे, मळसूत्री पिळाचे शिश्न असते आणि वीर्य त्याच्यावरील खाचेतून वाहते. म्हणून तेथे भांडे धरण्याची जागा बदलते आणि शिश्नाला इजा होणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. प्रथम जाणकाराच्या देखरेखीखाली शिकावे.